चॅनल नंबर नऊचा संकासुर

गजेंद्र परबाचे पाय मुळात दुसऱ्याच कुणाचे असावेत आणि मूळ मालकाकडे परत जायची त्यांना घाई झालेली असावी, असं त्याच्याशेजारी घटकाभर बसलेल्या कुणालाही वाटायचं. जेवताना पाय हलायचा. फोनवर बोलताना तो माणूस कॅम्पला दोन प्रदक्षिणा घालायचा. दाढी करतानासुद्धा तो आरशासमोर येरझारा घालायचा, त्यामुळे डावा गाल नेहमी अर्धवट राहायचा.

हे असं लहानपणापासून होतं. कुडाळजवळच्या गावात शाळा कशीबशी संपवून तो एका दशावतारी कंपनीत शिरला आणि तिथे त्याच्या वाट्याला संकासुर आला. काळा झगा, तोंडावर काळं फडकं, त्यातून बाहेर लोंबणारी हातभर लाल जीभ, आणि काम काय, तर नाटकाच्या सुरुवातीला येऊन सगळ्यांची टर उडवायची. राक्षस तो राक्षस आणि विदूषक तो विदूषक. परबाला हे इतकं मानवलं की झगा चढवल्यावर त्याचे पाय आपोआप शांत व्हायचे. पण हंगाम संपला की पुन्हा तीच तडफड. मग त्याने आयटीआयमधून फ्रिज-एसीचं काम शिकून घेतलं, गोव्यात दोन हॉटेलं बदलली, दुबईत तीन मालक बदलले आणि शेवटी ओमानला येऊन अडकला. इथे जुन्या मालकाच्या एनओसीशिवाय दुसरीकडे हलता येत नाही हे त्याला विमानातून उतरल्यावर कळलं. ज्याला खुर्ची बदलल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला देशानेच खिळा ठोकून बसवला.

कॅम्प इब्री गावाबाहेर होता. एका वीजप्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं, आणि त्यासाठी आणलेली माणसं माळावर ओळीने मांडलेल्या पोर्टाकॅबिनमध्ये राहत. परबाकडे सगळ्या कॅम्पचे एसी होते. सहा दिवस बरे जात, कारण उन्हाळ्यात तिथे एसी बंद पडला की माणसं परबाला देवासारखी हाका मारत आणि त्याला पळायला निमित्त मिळे. घात करायचा तो शुक्रवार. सुट्टी. सगळा कॅम्प बिर्याणी खाऊन आडवा व्हायचा आणि परब एकटाच उभा. घरी फोन लावला तर बायको, यशश्री, आवाजावरूनच ओळखायची.

"चलतास काय हो? धाप लागली हा तुमका."

"नाय गो, असोच."

"गप बसान ऱ्हवा जरा."

"गप बसान ऱ्हवाक मी काय पोस्टाची पेटी आसंय?"

यातून सुटका झाली ती सिराज मुकादमामुळे. हा रत्नागिरीकडचा गृहस्थ इब्रीच्या बाजारात डीव्हीडीचं दुकान चालवायचा. पेनड्राइव्ह आले आणि दुकानात फक्त माश्या येऊ लागल्या. दुकान आवरताना त्याने परबाच्या हातात एक खोका दिला. आत जुने, काळे-पांढरे, परदेशी भुताखेतांचे आणि राक्षसांचे सिनेमे. कुणी फुकटसुद्धा नेले नव्हते.

"यात हाय तरी काय?" परबाने विचारलं.

"राक्षस. पन घाबरू नको, एक जन धड नाय त्यांच्यात," सिराज म्हणाला. "ने बाबा. तुज्यासारखेच हायत, सगले नुसते चालत असतात."

कॅम्पात डिशची एक खोली होती. तिथून तारा प्रत्येक कॅबिनमध्ये जात आणि चॅनल नंबर नऊ रिकामा होता. त्यावर डीव्हीडी प्लेअर जोडला की तो सिनेमा सगळ्या खोल्यांत दिसे. परबाने एका शुक्रवारी रबराची पाल असलेला सिनेमा लावला. ती पाल पुठ्ठ्याचं शहर तुडवत होती आणि पुठ्ठ्यातली माणसं कुठल्याशा अनोळखी भाषेत किंचाळत होती. लोकांनी थोडा वेळ बघितलं आणि कुशीवर वळून झोपले. परबाला हे सहन होईना. तो खोल्याखोल्यांतून पळत जाऊन गोष्ट समजावू लागला. सगळ्या खोल्या होईपर्यंत सिनेमा संपला होता.

पुढच्या आठवड्यात त्याने मेसच्या स्टोअरमधल्या धनेश राऊळला पकडलं. धनेशकडे हँडीकॅम होता. गावी नेण्यासाठी घेतलेला, म्हणून त्याने त्याचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. तो डिशच्या खोलीत स्टुलावर ठेवला, वायर चॅनल नऊला जोडली आणि सिनेमाच्या आधी पडद्यावर खुद्द संकासुर अवतरला. झगा एसीच्या डक्टला गुंडाळतात त्या काळ्या फोमचा. जीभ लाल इन्सुलेशन टेपची. पहिल्या दिवशी त्याने पांढरी दाढी म्हणून काचेच्या लोकरीचा गोळा लावला होता. त्या दिवशी संकासुर तासभर इतका खाजवत होता की प्रेक्षकांना तीही नक्कल वाटली. पुढे दाढी कापसाची झाली.

वेळ ठरली दुपारी तीनची. जुम्म्याच्या नमाजाला गेलेली बस परतलेली असे, सगळ्यांची पोटं भरलेली असत. जगात दुसरीकडे भुतं अंधार पडल्यावर निघत असतील, इब्रीत ती रणरणत्या उन्हात निघत. बाहेर पत्र्यावर अंडं तळता येईल असा उन्हाचा कहर चाललेला असताना पडद्यावरच्या राक्षसाला कोण भिणार? परबाचंही तेच म्हणणं होतं. तो हिंदी, मालवणी आणि हातवारे मिसळून बोलायचा. पट्ट्या गुंडाळलेलं प्रेत पाय ओढत निघालं की सिनेमा थांबवून हा मध्ये यायचा: "ये देखो, क्लिनिक से आया है. टांग टूटी, सिर फूटा, पूरा पट्टी बांधा, और गोली दिया पॅनाडॉल!" पौर्णिमेच्या रात्री ज्याच्या अंगावर केस उगवतात तो माणूस आला की, "ह्येका आमच्या कॅम्पातलो न्हावी दाखवा, पळान जायत." मलयाळी, बिहारी, पेशावरचे पठाण, सगळे खोल्यांत लोळत हसू लागले.

पण खरी गंमत सुरुवातीच्या गाऱ्हाण्यात होती. कोकणात गाऱ्हाण्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. एकजण देवाला साकडं घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा!" अशी साथ देतात. परक्या मुलखात देवाला मध्ये कशाला ओढा, म्हणून परबाने गाऱ्हाण्यासाठी एक स्वतंत्र धनी नेमला होता.

"बा चॅनल नंबर नवाच्या धन्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" खोल्याखोल्यांतून.

"कोणाची सुट्टी अडली आसात, कोणाचा तिकीट अडला आसात, कोणाचो एसी गळता आसात..."

"होय म्हाराजा!"

"ता सगळा ह्या पालीच्या शेपटेक बांध आणि समुद्रात नेऊन बुडव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

कॅबिनच्या भिंती पातळ. इकडच्या ओळीतून तिकडच्या ओळीत तो गजर धडकत जायचा. पठाणांना अर्थ ठाऊक नव्हता, पण आवाज त्यांचाच सगळ्यात मोठा. त्या गजरासाठी परब आठवडाभर जगायचा. तेवढा एक तास त्याचे पाय जमिनीला टेकलेले असायचे, हे धनेशने हँडीकॅममधून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग नवे कॅम्प मॅनेजर आले. राजीव भोयर, मूळचे नागपूरचे. माणूस मऊ, चष्मा जाड आणि जीव कायम टांगणीला लागलेला, कारण आदल्याच महिन्यात पलीकडच्या एका कॅम्पात काम बंद पडलं होतं आणि तिथल्या मॅनेजरला रातोरात घरी पाठवलं होतं. भोयरांचा पहिला शुक्रवार. जेवण झालं होतं, डोळा लागत होता, आणि एकदम चारी बाजूंनी शेकडो गळ्यांतून आरोळी उठली.

भोयर उठून बसले. दुसरी आरोळी. त्यांनी घाईघाईने टीव्ही लावला, बटणं दाबत नऊवर आले, तर समोर काळा बुरखा, लाल जीभ. आणि ती जीभ हलवत तो प्राणी म्हणत होता, "...आणि जो नवीन सायब इलो हा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्या बाजूंनी.

"तेच्यावर कोणी करणी केली आसात, नजर लावली आसात, वाकडा चिंतला आसात..."

"होय म्हाराजा!"

"तेचा तळपट कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आता हे साहेबांचं स्वागत होतं. साहेबांवर डोळा ठेवणाऱ्याचं तळपट व्हावं, अशी परबाची मनापासूनची इच्छा होती आणि कुडाळात कुणीही ते ऐकून खूश होऊन नारळ फोडला असता. भोयरांना मालवणी अर्धीच कळली. गाऱ्हाणं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. कळलं ते एवढंच: साहेब, तळपट, आणि त्याला सबंध कॅम्पची जोरदार मंजुरी. त्यांनी दार आतून लावलं, दाराला टेबल लावलं, टेबलावर स्वतः बसले आणि मस्कतच्या हेड ऑफिसला फोन केला: कॅम्पात संप झालाय, घोषणा चालू आहेत.

इब्रीहून कंपनीचा पीआरओ हारून आला. हा ओमानी माणूस. शुक्रवारच्या इस्त्रीच्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशामध्ये, घरचं जेवण टाकून आलेला. तो पहिल्याच खोलीचं दार उघडून आत गेला. आत सात-आठ जण गादीवर आणि टीव्हीवर रबराची पाल पूल खात होती. हारूनने तिकडे बघितलं. मग चपला काढल्या. कुणीतरी सरकून जागा दिली, चहा दिला. साहेब टेबलावर बसून वाट बघत होते आणि हारूनचा फोन लागत नव्हता. पालीचा निकाल लागल्यावरच तो त्यांच्याकडे गेला.

"संप किधर है, सर?" त्याने विचारलं. "पब्लिक पिक्चर देखता है."

पण फोन मस्कतला जाऊन पोचला होता. फोनमागोमाग भोयरांचं लेखी गेलं होतं आणि मस्कतहून लेखी आलं होतं: सामूहिक घोषणा तात्काळ बंद कराव्यात. आपणच उठवलेला धुरळा आता गिळणं भाग होतं. भोयरांनी डिशच्या खोलीला कुलूप लावलं आणि चॅनल नंबर नऊवर मुंग्या आल्या.

त्यानंतरचा शुक्रवार म्हणजे सबंध कॅम्पला शिक्षा होती. परबाने सकाळपासून चांगले चालू असलेले एसी उघडायला सुरुवात केली. दुपारपर्यंत त्यातले तीन बंद पडले. लोक घामाघूम होऊन बाहेर आले.

"गजाभाऊ, माझो एसी थंड चल्लो होतो!" धनेश ओरडला.

"आवाज करी होतो."

"एसी आवाज करताच! तू पण करतस, तुका कोणी उघडल्यानी?"

संध्याकाळी मेसमध्ये पठाण आणि बिहारी लिंबाच्या फोडीवरून भांडले. आठवड्यात भांडणं वाढली. परब जेवेना. यशश्रीने फोनवर विचारलं, "काय झाला?" तेव्हा तो पहिल्यांदाच उभा न राहता पायरीवर बसून बोलला आणि त्यानेच ती घाबरली. "बसलास? बरा नाय काय तुमका?"

शेवटी परबाने टूलबॉक्स उचलला आणि साहेबांच्या ऑफिसात गेला. एसी बघायचं निमित्त. एसी बघून झाला, पुसून झाला, दुसऱ्यांदा बघून झाला.

"परब, काय करून राहिले तुम्ही?" भोयर म्हणाले. "तो एसी परवाच आलाय नवा."

"सायबानू, नऊ नंबर चालू करा."

"अहो, माझ्या हातात आहे का? वरून लेखी आलंय. सामूहिक घोषणा बंद."

"मग पिक्चर चालू करा. घोषणा नको."

भोयरांनी चष्मा पुसला. त्यांनाही त्या आठवड्यात रोज दोन भांडणं सोडवावी लागली होती. "पिक्चर लावा. तुमची ती जीभ लावा. बोला काय बोलायचं ते. पण लोकांनी एक शब्द ओरडायचा नाही."

परब खिडकीपर्यंत गेला, परत आला. "आणि 'होय म्हाराजा' कोण म्हणतलो?"

"कुणीच नाही."

"मग ता गाऱ्हाणा झाला नाय सायबानू. नुसतो मी कॅमेऱ्यासमोर भीक मागतंय असा दिसतला. आमच्याकडे साथ दिली नाय तर गाऱ्हाणा अर्धाच ऱ्हवता, आणि अर्ध्या गाऱ्हाण्यान काम सुरू केल्यानी तर तेचा बरा होणा नाय." हे बोलताना त्याचा आवाज जरा फाटला. विनोद करणाऱ्या माणसाचा आवाज फाटला की ऐकणाऱ्याला कुठे बघावं कळत नाही. भोयरांनी छताकडे बघितलं.

"एक करा," ते म्हणाले. "सामूहिक नको. एकाच माणसाने म्हटलं तर ती घोषणा होत नाही. एक माणूस शोधा."

परब उडाला. पण एक माणूस सापडेना. धनेश म्हणाला, "मी कॅमेरा धरतंय, तोंड धरूचो नाय." क्रेनवरचा सादिक, श्रीवर्धनचा, गजरात एरवी सगळ्यांच्या पुढे असायचा. तो म्हणाला, "परबभाई, शेकडो लोक ओरडले तर ओरडले. एकटा ओरडलो तर उद्या रिपोर्टात माझं नाव. लीडर म्हणून. नको रे बाबा, पोरीचं लग्न काढलंय." पठाणांनी दोन्ही हात कानाला लावले. गुरुवारी संध्याकाळपर्यंत परब सगळ्या ओळी फिरला आणि प्रत्येक दारात त्याला तेच उत्तर मिळालं. लीडर व्हायला कुणीच तयार नव्हतं.

सगळ्या कॅम्पात असा एकच माणूस होता, ज्याच्यावर संप केल्याचा आळ येणं शक्य नव्हतं.

"मी?" भोयर खुर्चीतून उठले. "अरे बाप्पा! वेड लागलं का, परब? मी मॅनेजर आहे इथला!"

"म्हणानच."

"मला ते तुमच्या भाषेत येत नाही."

"तुमच्या भाषेत म्हणा. धनी सगळ्या भाषा समजता, तो चॅनलचो धनी."

भोयर नाही म्हणाले. परब दाराबाहेर गेल्यावर पुन्हा ओरडून नाही म्हणाले. आणि शुक्रवारी तीनला डिशच्या खोलीत हजर झाले. फक्त देखरेखीसाठी, असं त्यांनी धनेशला दोनदा सांगितलं. धनेशने त्यांना स्टूल दिलं आणि हँडीकॅम जरा त्यांच्या बाजूला वळवला. खोल्यांत सगळे चूप बसले होते. वरून हुकूम होता आणि प्रत्येकाला शेजारच्याची भीती होती.

संकासुराने जीभ सारखी केली.

"बा चॅनल नंबर नवाच्या धन्या म्हाराजा!"

शांतता. एसीची घरघर. परब थांबला. त्याचा उजवा पाय हलायला लागला. झगा घातल्यावर असं कधी झालं नव्हतं. त्याने भोयरांकडे बघितलं. भोयरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि शाळेत हजेरीला ओ द्यावी तशा आवाजात म्हणाले, "होय महाराज."

कुठल्यातरी खोलीतून हसू फुटलं आणि तिथेच दाबलं गेलं.

"कोणाची सुट्टी अडली आसात म्हाराजा!"

"होय महाराज." मग भोयरांना आपण काय बोललो ते उमगलं. "म्हणजे, अर्ज दिला असेल तर."

आता मात्र ओळीच्या ओळी फुटल्या. हसू पातळ भिंतींतून आरपार गेलं. पठाण गाद्यांवरून खाली पडले.

"कोणाचो एसी गळता आसात म्हाराजा!"

"होय महाराज, पण तो तुमचाच डिपार्टमेंट आहे, परब!"

डिशच्या खोलीचा पत्रा थरथरला. भोयरांच्या पहिल्या शुक्रवारच्या आरोळीपेक्षा हा आवाज कितीतरी मोठा होता. भोयरांचा फोन वाजला. हारून होता, त्याला रस्त्यावरून ऐकू आलं होतं. "सर, घोषणा?"

"नाही," भोयर म्हणाले. चष्मा नाकावर आला होता आणि चेहरा लाल झाला होता. "हसतायत."

"हंसना लेखी में बंद है?"

भोयरांनी विचार केला. "नाही, हसण्याबद्दल काही नाही."

"तो खलास," हारून म्हणाला आणि गाडी कॅम्पाकडे वळवली. सिनेमा सुरू व्हायचा होता.

शनिवारी सकाळी भोयरांच्या ऑफिससमोर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात सुट्टीचा अर्ज आणि तोंडी एकच वाक्य: "साहेब, चॅनलवर होय म्हणालात ना?" आणि त्यांनी बऱ्याच अर्जांवर सही केली. एवढ्या लोकांच्या देखत दिलेली साथ मोडायची त्यांची छाती झाली नाही.

परब खूश व्हायला हवा होता, आणि तो होताही. पण दोन-तीन शुक्रवार गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की मेसमध्ये पाठीवर थाप साहेबांच्या पडते. लोक राक्षसाबद्दल बोलत नाहीत, जिभेबद्दल बोलत नाहीत. "काल साहेब काय बोलले!" एवढंच. रक्त पिणाऱ्या झगेवाल्यावर परबाने आठवडाभर घोटलेला विनोद केला, तर लोक साहेब त्यावर काय म्हणतात याची वाट बघत बसले.

"जळतस तू," धनेश म्हणाला.

"मी? माझो शो चालता, माका काय!" असं म्हणून परब उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा उठला. शो बंद पडला तेव्हा त्याला झोप नव्हती. आता शो जोरात चालला होता आणि तरी झोप नव्हती. पण ह्या जागरणात आणि त्या जागरणात फरक होता, तो त्यालाही कळत होता. आता तो पुढच्या शुक्रवारी साहेबांवर कशी मात करायची याचा विचार करत जागा असायचा.

गुरुवारी भोयरांनी त्याला ऑफिसात बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"परब," भोयर हळू आवाजात म्हणाले, "मी नुसता स्टुलावर बसून होय होय म्हणतो, ते बरं दिसत नाही. लोकही म्हणतात. मलाही काहीतरी वेश पाहिजे."

"वेश?"

"तुमच्या त्या दशावतारात संकासुराला शेवटी मारतं कोण?"

परब क्षणभर एका जागी उभा राहिला.

"विष्णू," तो म्हणाला.

"मग त्याचा वेश शिवा," भोयर म्हणाले आणि लाजून फाइलीत बघू लागले.

म्हणजे आता दर शुक्रवारी, भर दुपारी, स्वतःच्याच चॅनलवर, सगळ्या कॅम्पच्या डोळ्यांदेखत मरायचं. परबाने खिडकीपर्यंत एक फेरी मारली. मग परत येऊन खिशातली मापाची टेप काढली आणि साहेबांच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"हात वर करा सायबानू," तो म्हणाला. "आणि मान ताठ धरूची सवय करा. मुकुट जड असता."